बी. एस्सी. झाला, आतां पुढें काय ?

दरसाल बारावीचा निकाल लागला कीं गांधीबागेच्या कापडबाजारापासून तों पांचपावली-टांडापेठेच्या विणकर वस्त्यांपर्यंत एकच प्रश्न घरोघर फिरूं लागतो : "पोरगा डॉक्टरीला लागला कीं इंजिनियरिंगला ?" ज्याला ह्या दोहोंपैकीं एकही दार उघडलें नाहीं, त्याच्याविषयीं त्याचा बाप आवाज खालीं आणून सांगतो, "नाहीं जी, साधी बी. एस्सी.च धरली." जणूं कांहीं पोरानें घराण्याच्या नांवाला बट्टाच लावला ! पुढें पदवी पदरांत पडते आणि तोच बाप विचारतो, "आतां पुढें काय ?" पोराजवळ उत्तर नसतें. मग कोणी दुकानाच्या गादीवर हिशेब लिहावयास बसतो, कोणी दारोदार पार्सलें पोंचवितो, कोणी स्पर्धापरीक्षांच्या क्लासांत उमेदीचीं वर्षें घालवितो. मुलगी असली तर हा प्रश्न विचारण्याची तसदीही कोणी घेत नाहीं. तिचें उत्तर सोयऱ्याधायऱ्यांनीं आधींच ठरवून ठेविलेलें असतें.

ह्या कामांत कांहीं कमीपणा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. घाम गाळून मिळविलेली भाकर कोणतीही असो, ती मानाचीच. आमचें म्हणणें निराळें आहे. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, वनस्पति, भूगर्भ, संख्याशास्त्र ह्या विषयांची पदवी ही आंधळी गल्ली नव्हे. तो चार रस्त्यांचा चौक आहे. त्या चौकांतून पुढें जाणाऱ्या वाटा सरकारी पैशानें, म्हणजे आमच्याच कराच्या पैशानें बांधलेल्या आहेत. त्या आमच्या मुलांस बंद नाहींत. पण त्या आहेत हेंच त्यांस कोणी सांगत नाहीं. आणि सांगितलेंच तर तारीख गेल्यावर सांगतात.

जुन्या काळीं गांवच्या कुळकर्ण्याचें दप्तर बांधलेलें असे. शेत आमचें, सारा आमचा, पण कागदांत काय लिहिलें आहे हें ठाऊक त्याला. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं जें गाऱ्हाणें मांडलें त्याचा मथितार्थ हाच होता कीं, शिक्षणावर खर्च होणारा पैसा रयतेच्या कष्टांतून येतो आणि त्याचें फळ मात्र वरच्या थरांतल्या थोड्या घरांस मिळतें. आज दप्तर सुटलें आहे. सर्व जाहिराती, सर्व अर्ज मोबाईलवर उघडे आहेत. तरीही दप्तराची गांठ पुरती सुटली म्हणवत नाहीं. कारण ज्या घरांत तीन पिढ्या कॉलेजची पायरी चढल्या आहेत, तेथें मामा बंगलोरच्या संस्थेंत असतो, आत्या प्रोफेसर असते, आणि मुलाच्या कानावर चहा पितां पितां जें पडतें तें आमच्या मुलाला पदवीनंतर दोन वर्षांनीं कळतें. त्या घरांनीं आपल्या लेंकरांस सांगितलें ह्यांत त्यांचा गुन्हा नाहीं. आमच्या लेंकरांस सांगणारें कोणी नाहीं, हें मात्र आमचें दुखणें आहे. आणि दुखणें ज्याचें, औषध त्यानेंच शोधावयाचें असतें.

म्हणून ह्या अंकांत आम्ही उपदेश बाजूस ठेवून वाटा सांगतों. आपल्या घरांत सणावारांवर दिवस मोजण्याची चाल आहे. तारखाही त्याच मापानें सांगूं म्हणजे ध्यानांत राहतील. नेमका दिवस दरसाल बदलतो, तो जाहिरातींत पाहून घ्यावा.

पोळा झाला, मारबत गेली, कीं थोड्याच दिवसांत 'जॅम' नांवाच्या परीक्षेचे अर्ज निघतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बंद होतात. परीक्षा फेब्रुवारींत होते. देशांतील आय. आय. टी. म्हणजे केवळ बारावीनंतरच्या इंजिनियरिंगचें घर, असा आमच्या लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. बी. एस्सी. झालेल्यांस त्याच आय. आय. टीं.मध्यें एम. एस्सी.साठीं ह्या परीक्षेवर प्रवेश मिळतो. गणित, संख्याशास्त्र, पदार्थविज्ञान, रसायन, भूगर्भ, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र असे सात पेपर असून जागा सुमारें तीन हजार आहेत. वयाची अट नाहीं. मुलींस व अनुसूचित जातिजमातींच्या विद्यार्थ्यांस फी निम्मी आहे. बारावीला ज्याचा नंबर हुकला त्याला तीन वर्षांनीं दुसरें दार उघडतें, आणि हें दार आहे हें ठाऊक नसल्यामुळें आमचीं किती मुलें उंबऱ्यावरून परत फिरलीं असतील !

दिवाळीच्या आगेंमागें दुसरा अर्ज भरावयाचा असतो. देशांतील तीन विज्ञान अकादमी मिळून बी. एस्सी.च्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस उन्हाळ्यांत आठ आठवडे एखाद्या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखालीं कामास पाठवितात आणि त्याबद्दल विद्यावेतनही देतात. मुंबईस मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या आरंभीच्या वर्षांतील होतकरू मुलांसाठीं सुट्यांमध्यें शिबिरें भरवितें. गणिताची गोडी ज्याला असेल त्यानें संक्रांतीच्या सुमारास 'एम्. टी. टी. एस्.' ह्या चार आठवड्यांच्या उन्हाळी शिबिराची चौकशी ठेवावी, तें १९९३ पासून चाललें असून तेथें पाठांतर चालत नाहीं, "हें असें कां?" हें विचारावयास शिकवितात. 'माधव गणित स्पर्धा' ही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठींच आहे. होळीच्या सुमारास कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था व चेन्नईची गणित संस्था यांचे अर्ज सुरू असतात.

जॅमच्याच गुणांवर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत एम. एस्सी. आणि पीएच. डी. ह्यांचा जोड अभ्यासक्रमही करतां येतो. ह्या संस्थेचें नागपूरशीं एक नातें आहे. १८७७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस जमशेटजी टाटांनीं आपल्या नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशीं पुण्यास कृष्णराव भालेकरांनीं 'दीनबंधु' पत्र काढून कष्टकऱ्यांच्या हातीं छापील अक्षर दिलें. मिलच्या फायद्यानें टाटांच्या संपत्तीस मोठा हातभार लागला, आणि त्या संपत्तीच्या दानांतून १९०९ सालीं बंगलोरची संस्था उभी राहिली. गिरणी बंद पडून आतां दोन दशकें उलटलीं. संस्था जगांत नांव मिळवून आहे. नागपूरच्या ज्या मजुरांनीं त्या मिलमध्यें रात्रपाळ्या केल्या, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनीं त्या संस्थेचें दार ठोठावलें तर तें भीक मागणें होणार नाहीं. तो वारसाहक्कच होय.

आतां पैशाचा प्रश्न. "एवढें शिकत बसायला आमच्या घरीं कुठें वाडा पडून आहे ?" असें आमचा शेतकरी आणि मागवाला विचारील, आणि त्याचें विचारणें रास्त आहे. ज्या घरांत पोराच्या मजुरीवर चूल पेटते, तेथें पांच वर्षें शिक म्हणून सांगणें सोपें नाहीं. पण ह्या वाटेवर, डॉक्टरी-इंजिनियरिंगसारखें बापाला कर्ज न काढतां, मुलगा शिकतां शिकतां वेतन मिळवूं शकतो, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक आहे. बारावीला आपल्या बोर्डांत वरच्या शंभरांत एक असा क्रम ज्याचा आहे आणि ज्यानें मूलभूत विज्ञानाची पदवी धरली, त्यास केंद्र सरकारची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ति वर्षाला ८०,००० रुपये मिळते. २००८ सालीं ती निघाली, आणि दरसाल १२,००० विद्यार्थ्यांपर्यंत ती देण्याची तजवीज आहे. एम. एस्सी.नंतर 'नेट'ची परीक्षा देऊन जो संशोधनाची फेलोशिप मिळवितो त्यास जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि शिवाय घरभाडें मिळतें. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून चालली आहे. तेथें निवडलेल्या एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यास वर्षभर वेतन देऊन शिकवितात आणि उत्तीर्ण झाल्यावर शास्त्रज्ञाच्या जागेवर नेमतात. इतर मागास, भटक्या व विशेष मागास वर्गांच्या संशोधकांसाठीं 'महाज्योति' ही राज्याची संस्था आहे आणि तिचें मुख्य ठाणें तर नागपुरांतच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानें पदवी चार वर्षांचीही करण्याची सोय केली. त्या चौथ्या वर्षासह ७५ टक्के गुण मिळविणारा विद्यार्थी एम. एस्सी. न करतांही पीएच. डी.स पात्र होतो, आणि मागासवर्गीयांस त्यांत पांच टक्के सवलत आहे.

सर्वच मुलें संशोधक होतील असें सांगून आम्ही कोणाची फसवणूक करणार नाहीं. जॅमच्या जागा तीन हजार आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. तेव्हां ज्यानें एकाच दोरीवर घागर सोडली त्याची घागर विहिरींत राहण्याची भीति आहे. दुसरी दोरी हाताशीं असावी. पदवींत संख्याशास्त्र हा एक विषय असला तर केंद्राच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देतां येते. डॉक्टरीइतक्याच मानाची ती अधिकाऱ्याची नोकरी आहे आणि आमच्या वस्त्यांत तिचें नांवही कोणी ऐकलेलें नसतें. भूगर्भशास्त्रांत एम. एस्सी. झालेल्यास भूवैज्ञानिकाची परीक्षा आहे. विम्याच्या धंद्यांत आयुष्यमान व जोखीम मोजणारे गणिती लागतात. बँका व कारखाने आंकड्यांचा अर्थ लावणारे शोधीत असतात. बी. एड. करून गांवच्या शाळेंत गणित नीट शिकविणारा मास्तर झाला तरी तो शंभर घरांचें भलें करील. कारण आमचीं मुलें गणिताला भितात तीं बुद्धि कमी म्हणून नव्हे, पहिला मास्तर बरा मिळाला नाहीं म्हणून.

कामाच्या जागा फार दूर आहेत असेंही नाहीं. भारतीय खाण ब्यूरोचें मुख्य कार्यालय नागपुरांत आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचें मध्यविभागाचें ठाणें येथें आहे. पाणी, हवा, सांडपाणी यांची तपासणी करणारी 'नीरी' १९५८ पासून येथें आहे. कापसाचें केंद्रीय संशोधन येथें होतें, देशाच्या मातीचे नकाशे येथें तयार होतात, आणि संत्र्याच्या झाडावर कोणता रोग कां पडला हेंही येथेंच तपासतात. कापूस पिकवितो आमचा शेतकरी, विणतो आमचा कोष्टी, संत्र्याच्या बागा आमच्या कुणब्या-माळ्यांच्या. मग त्या कापसाचें, मातीचें व संत्र्याचें शास्त्र जाणणाऱ्या खुर्च्यांवर आमचीं मुलें कां नसावीं? आज ह्या संस्था आमच्या मुलांस बसच्या थांब्यांच्या नांवानें ठाऊक आहेत. त्यांच्या फाटकाच्या आंत काय चालतें हें पहावयास किती कॉलेजांनीं आपलीं मुलें नेलीं, हा प्रश्न त्या त्या कॉलेजच्या चालकांस विचारला पाहिजे.

कोणी म्हणेल, गणितानें काय पोट भरतें ? त्यास नागपूरचीच एक गोष्ट सांगतों. शरच्चंद्र श्रीखंडे नांवाचे गृहस्थ नागपूरच्या सायन्स कॉलेजांत शिकले व पुढें तेथेंच शिकवूं लागले. युरोपांतील ऑयलर ह्या थोर गणितज्ञानें १७८२ सालीं एक भाकीत करून ठेविलें होतें. शेतांत चार ओळी आणि चार रांगा पाडून चार वाणांचीं बियाणीं अशीं पेरावयाचीं कीं प्रत्येक ओळींत व प्रत्येक रांगेंत प्रत्येक वाण एकदांच यावें. मग त्यावर चार खतेंही तशाच रीतीनें, प्रत्येक वाणास प्रत्येक खत एकदांच लाभेल अशीं घालावयाचीं. चाराचें हें कोडें सुटतें. पण सहा, दहा, चौदा अशा कांहीं संख्यांना तें कधींच सुटणार नाहीं, असें ऑयलर म्हणाला. सहापुरतें त्याचें म्हणणें खरें ठरलें. बाकीच्या सर्वांविषयीं तें खोटें आहे, हें १९५९ सालीं श्रीखंडे, राजचंद्र बोस आणि पार्कर ह्या तिघांनीं सिद्ध केलें आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या दैनिकानें ती बातमी पहिल्या पानावर छापली. हा नुसता बुद्धीचा खेळ नव्हे. जमिनीच्या एका बाजूस कस जास्त, दुसरीकडे कमी, अशा शेतांत कोणतें वाण खरोखर चांगलें हें फसवणूक न होतां ठरविण्यासाठीं अशाच चौकटी वापरतात. शेतकऱ्याच्या बांधावरचा प्रश्न आणि जगांतल्या गणितज्ञांचा प्रश्न एकच निघाला !

आमच्या विणकरांस तर गणित कोणी नव्यानें शिकवावयास नको. कांठाची नक्षी उतरवितांना किती ताणे उचलावयाचे, किती सोडावयाचे, हें तो मनांत मोजीत असतो. फ्रान्समधील जकार्डनें १८०४ च्या सुमारास भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग केला. त्याच युक्तीवरून पुढें भोंकांच्या कार्डांनीं मोजणारीं यंत्रें निघालीं, १८९० सालीं अमेरिकेची खानेसुमारी त्यांवर मोजली, आणि आजच्या संगणकाच्या पूर्वजांत त्या पुठ्ठ्याची गणना होते. मागावर जकार्ड चढविणाऱ्याच्या पोरानें संगणकाच्या शास्त्रांत शिरावें, ह्यांत नवल काय ? तो आपल्याच घरच्या विद्येच्या पुढच्या खोलींत जातो.

सरकारास व विद्यापीठासही आमचें कांहीं सांगणें आहे. शिष्यवृत्ति जाहीर करणें आणि ती वेळेवर हातीं देणें ह्यांत फरक आहे. ज्याच्या घरीं शिल्लक आहे त्यास उशीर झालेला हप्ता चालतो. ज्याच्या घरीं नाहीं तो तोंवर शिक्षण सोडून कामास लागतो, आणि नंतर आलेला पैसा म्हणजे मेल्यावर पाजलेलें पाणी. कॉलेजांतील प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा वर्षानुवर्षें भरीत नाहींत, तासिकेवर राबणाऱ्यांकडून काम काढून घेतात. मग मुलांस वाट दाखविणार कोण? आणि प्रत्येक सायन्स कॉलेजनें ह्या परीक्षांच्या जाहिराती मराठींत, मोठ्या अक्षरांत, फळ्यावर लावल्याच पाहिजेत, एवढी आज्ञा विद्यापीठ एका परिपत्रकानें करूं शकतें. त्यास एक पैही लागत नाहीं.

पण सरकारास चार शब्द सुनावून घरीं झोंपणें ही आमची खोड गेली पाहिजे. आमच्या जातिजातींच्या मंडळांचे गुणगौरव समारंभ दरसाल होतात. मंडप, हारतुरे, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचीं भाषणें. दहावी-बारावीच्या पोराच्या गळ्यांत हार पडतो, फोटो निघतो, आणि तेंच पोर बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षीं कोठें अडखळलें हें विचारावयास मंडपांतलें एकही माणूस जात नाहीं. शालीनें थंडी जाते, पण मुंबईचें तिकीट निघत नाहीं ! राजर्षि शाहूंनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहें काढलीं, पंजाबराव देशमुखांनीं अमरावतीस शिक्षणसंस्था उभी केली. कामठीचे खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनीं आपली संपत्ति नागपूर विद्यापीठास देऊन ठेविली आणि तींतून १९४२ सालीं रसायनाची तांत्रिक संस्था उभी राहिली. ह्या माणसांनीं पोरांच्या गळ्यांत हार घातले नाहींत. त्यांच्या डोक्यावर छप्पर आणि हातांत साधन दिलें.

तेव्हां गांधीबागेच्या कापडव्यापाऱ्यांस, हमालांच्या संघांस, कोष्टी, तेली, कुणबी, माळी, बारी, सुतार, लोहार अशा सर्व समाजांच्या मंडळांस आमची सूचना आहे. कापडबाजार ही अशी जागा आहे कीं जेथें भंडाऱ्याचा, उमरेडचा, काटोलचा माणूस लग्नाच्या बस्त्याला येतोच. तेथें एक फळा लावा. त्यावर मराठींत चार गोष्टी लिहा : परीक्षेचें नांव, कोणासाठीं, अर्जाचा शेवटला दिवस, कागद कोणते. दर सोमवारीं तो बदला. बस्ता बांधावयास आलेला बाप तो वाचील आणि गांवीं जाऊन सांगेल. दुसरें, गुणगौरवाचा निम्मा खर्च काढून परीक्षेची फी आणि शिबिराचें रेल्वेभाडें देणारी एक पेटी ठेवा. तिसरें, ज्या मुलांमुलींनीं ही वाट चालली आहे त्यांनीं महिन्यांतून एक रविवार समाजभवनांत बसावें आणि धाकट्यांचे अर्ज भरून द्यावे. हेंच त्यांनीं समाजाचें ऋण फेडणें.

आईबापांनीं एक काम मात्र आजच करावें. जातीचा दाखला, वैधतेचें प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला हे कागद तयार ठेवावे. आय. आय. टी. व केंद्राच्या संस्थांस ओबीसीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यांत लागतो, राज्याचा चालत नाहीं. आणि आपली जात केंद्राच्या यादींत आहे कीं नाहीं हेंही आधींच पाहून घ्यावें. एका चुकीच्या कागदापायीं राखीव जागा हातची जाते आणि मग नशिबाला दोष देत बसावें लागतें.

आणि मुलींच्या आईबापांस हात जोडून एवढेंच सांगणें आहे कीं, तुमच्या लेकीनें पदार्थविज्ञानांत किंवा गणितांत चांगले गुण मिळविले असतील तर स्थळ पाहण्याआधीं एकदां जॅमची तारीख पाहा. स्थळें पुढेंही येतील. परीक्षा वर्षांतून एकदांच येते.

नागपुरांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मारबत निघते आणि लोक आपल्या वस्तींतली इडापिडा तिच्याबरोबर घालवितात. यंदा तिच्याबरोबर दोन गोष्टी घालवा. एक, "साधी बी. एस्सी." ह्यांतला "साधी" हा शब्द. दुसरी, "आम्हांला ठाऊक नव्हतें" ही सबब. मारबत गेल्यावर थोड्याच दिवसांत अर्ज सुरू होतात.